मदत हवी आहे: पुण्याहून बंगळुरूला बदली, घर कुठे बघू?

नमस्कार मंडळी. जूनपासून ऑफिस व्हाइटफील्डला. सोबत बायको, आई आणि चौथीत जाणारी मुलगी. भाड्याचं जमवू, धास्ती पाण्याची आहे. घर बघताना पहिला प्रश्न म्हणे ‘कावेरी की बोअर?’, म्हणजे नळाला कावेरी नदीचं पाणी की बोअरवेलचं. टँकरवरच्या सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचे वेगळे किती पडतात? आईला मल्लेश्वरम आवडलंय. तिथून मॅजेस्टिकला मेट्रो बदलून रोज ऑफिसला जाणं झेपेल?

मुलीला शाळेत कन्नड घ्यावंच लागेल, पण एकदम चौथीत नवी लिपी कशी पेलली तुमच्या मुलांनी? शिवाय गाडी एमएच १२ची. बारा महिन्यांत तिकडचा नंबर घेऊन रोड टॅक्स भरल्यावर इथे भरलेल्या टॅक्सचा परतावा खरंच हातात पडतो का?

तिथे राहणाऱ्यांनीच सांगा. ‘हवा मस्त आहे’ सोडून काहीही चालेल.