नवं घ्यायचं नाही, पण रूप बदलायचंय: आईच्या साडीला कात्री लावावी का?

चौकडा
यंदा दिवाळीला नवीन कपडे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. पण तेच ते निळे-काळे कुर्ते घालून कंटाळा आलाय, हेही खरं. कपाटात आईच्या साड्या आहेत: इरकली, एक नारायणपेठ, थोड्या सिल्कच्या. वर्षातून एकदा सावलीत वारा खातात, की परत आत. माझं म्हणणं, शिवून टाकाव्यात. एका सुती टीशर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं म्हणतात. या साड्यांमागचं पाणी तर केव्हाच खर्च झालंय. कसरीच्या पोटात जाण्यापेक्षा माझ्या अंगावर आलेल्या काय वाईट? सासूबाई मात्र "चांगल्या साडीला कात्री?" म्हणून नाराज आहेत. तुमचं काय मत?

घडीमोड
सासूबाईंच्या बाजूने. साडीला माप नसतं. आई नेसली, तुम्ही नेसाल, उद्या भाची नेसेल; वजन वाढो की उतरो, फार तर ब्लाउज बदलतो. कुर्ता शिवला की तो एकट्या तुमचा, तोही अंग आहे तसं राहिलं तर. चार जणींनी वापरायची वस्तू एकीसाठी कापायची आणि त्याला कचरा कमी करणं म्हणायचं, हे काही मला झेपत नाही. रूप बदलायचंय ना? त्याच इरकलीवर खणाचा नाहीतर साधा पांढरा शर्टासारखा ब्लाउज घालून बघा.

चौकडा
नेसली जात असती तर हा धागाच काढला नसता हो. लोकलमध्ये रोज साडी सांभाळायची म्हणजे काय, ते विचारू नका.

हातशिलाई
मी शिवणकाम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साडी खिडकीपाशी धरून उजेडात बघा. घडीवर बारीक रेघा दिसल्या की रेशीम विरायला लागलंय. तशा सिल्कचं जॅकेट शिवून मागतात, मी नाही म्हणते. काखेत ताण आला की शिवण शाबूत राहते आणि शेजारचं कापड फाटतं. इरकलीचं अंग सुती असेल तर कुर्त्याला उत्तम. पण पदर रेशमी आणि टोपतेणीने, म्हणजे धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून, जोडलेला; दोन्ही सारखं आटत नाही. अंगाचं कापड वेगळं काढून भिजवा, मगच बेतायला घ्या.

अस्तरात पैसे वाचवू नका. वर सुती आणि आत स्वस्त पॉलिस्टर, की घाम धरतो आणि कुर्ता पुन्हा कपाटात. बाजूला दीड इंच माया सोडायला सांगा, म्हणजे पुढे सैल करता येईल. घडीमोडताईंचा अर्धा मुद्दा तिथेच सुटतो.

आणि ते निळे-काळे कुर्ते का सोडताय? बाही कमी करा, गळा बदला. फिकं पडलेलं सुती कापड गडद रंगात रंगवून मिळतं. फक्त शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो तो रंग धरत नाही. सगळ्या टिपा जुन्या रंगात उठून दिसतात. काहींना आवडतं ते, पण आधी माहीत असलेलं बरं.

बिनइस्त्री
हे करून देणारे शिंपी आहेत कुठे? पूर्वी कॉलर झिजली की उसवून पलटून लावायचे, शर्टाला आणखी दोन वर्षं मिळायची. आमच्या भागातल्या मास्तरांना विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. "नवीनच शिवा ना साहेब."

हातशिलाई
दादा, उसवायला शिवण्याइतकाच वेळ जातो आणि गिऱ्हाईक त्याचे वीस रुपये द्यायला बघतं. शिलाईचे द्यायला तयार व्हा, मास्तर कॉलर पलटतील.

रोखठोक
मला या सगळ्याचा जरा कंटाळा येतो. ज्यांच्या कपाटात आईच्या सिल्कच्या साड्या, त्यांचं हे पर्यावरण! आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मोजक्या पॉलिस्टरच्या साड्या वर्षानुवर्षं नेसतात, त्यांचं कौतुक करायला कुणी धागा काढत नाही. नको असलेलं सरळ बोहारणीला द्या. ती धड कपडे धुऊन, टाके घालून जुन्या बाजारात पोचवते, कुणीतरी ते खरंच घालतं. अगदीच गेलेल्यांचं पानिपतला सूत निघतं. बटणं-चेन काढून कपड्यांचे रंगाप्रमाणे ढीग लावतात, त्यामुळे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि त्याची ब्लँकेटं होतात. हा धंदा आपल्या 'जागृती'च्या आधीपासून चालू आहे.

घडीमोड
मावशींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पानिपत आहे म्हणून चांगली साडी मोडीत काढायची हेही पटत नाही. धागा तुटून आखूड होतो, त्याचं पुन्हा तसं कापड विणता येत नाही.

चौकडा
रोखठोक, आईची साडी देऊन स्टीलचं पातेलं घ्यायला माझं मन होणार नाही, त्याला पर्यावरण म्हणा की काही. नारायणपेठ आणि सिल्क तूर्त तशाच ठेवते. इरकली मात्र कापणार. हातशिलाई, काठ कुर्त्याच्या घेराला यावा असं बेतता येईल का?

हातशिलाई
येईल. साडीचा पन्हा हीच कुर्त्याची उंची धरायची, म्हणजे खालचा काठ आपोआप घेराला येतो, दुमडायचीही गरज नाही. वरचा काठ बाह्यांना वापरा. पन्हा आधी मोजा. जुन्या साड्यांचा कधीकधी कमी भरतो आणि तुम्ही उंच असाल तर खांद्याला जोड द्यावा लागेल.

घडीमोड
म्हणजे कापायचं ठरलंच. मग तो पदर तरी इकडे पाठवा, माझ्या साध्या सुती साडीला लावून घेते.