उसात बिबट्याची पिल्लं सापडली, संस्थेवाल्यांनी परत तिथंच ठेवली. हे बरोबर आहे का?

घोडकाठचा

नमस्कार मंडळी. गाव आंबेगाव तालुक्यात, मी नोकरीला चाकणला. आमचा आडसाली ऊस सध्या तुटतोय, बीडकडची ऊसतोड टोळी आहे. काल सकाळी तोड चालू असताना मधल्या सरीत बिबट्याची तीन पिल्लं निघाली, मांजराएवढी, डोळे उघडलेली. टोळी तिथंच थांबली, मुकादमाने वडिलांना फोन केला, वडिलांनी वनखात्याला. गार्ड आले आणि त्यांच्यासोबत एका संस्थेचे डॉक्टर आणि दोन पोरं. पिल्लं तपासली, गोचिड्या काढल्या, अंगात चिप टाकली, आम्हाला वाटलं आता गाडीत घालून नेतील, तर म्हणाले संध्याकाळी इथंच ठेवणार, आई येऊन घेऊन जाईल, तोवर उरलेल्या उसाला हात लावायचा नाही आणि तिकडं कोणी फिरकायचं नाही. दिवस मावळायला क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरे लावले आणि लांब जाऊन बसले. रात्रीत आईने दोन नेली. एक राहिलंय, ते आज परत ठेवणार आहेत.

वडील शांत आहेत पण भावकी पेटलीय. म्हणतात, प्राणी वाचवायची संस्था आहे ना, मग न्या की माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात, आमच्या दारात कशाला सोडता. टोळीच्या कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या शेताच्या कडेलाच आहेत, त्यांची लहान लेकरं आहेत. मला खरंच समजून घ्यायचंय, पिल्लं न उचलण्यामागे काही कारण आहे की यांच्याकडे जागा नाही म्हणून टाळतात? आणि आज रात्री कोप्यांवरच्या लोकांना काय सांगू?

शिरूरकर_पाटील

दादा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिन्याभराच्या आत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं होती. त्यानंतर लोक हायवेवर उतरले ते उगाच नाही. अंधार पडला की आमच्याकडं पोरांना अंगणात सोडत नाहीत, शेतीची लाईट रात्रीची येते म्हणून पाणी धरायला जावंच लागतं, जाताना बायको दारात उभी राहते परत येईपर्यंत. अशात कोणी येऊन सांगतं की पिल्लू आईला परत देतोय, तर पोटात गोळा येतो. आज तीन पिल्लं, दोन वर्षांनी तीन बिबटे. संस्थेचे लोक चांगले असतील पण त्यांना इथं रोज झोपायचं नाही.

रानवाटा_पुणे

पाटील, तुमची भीती खरी आहे, ती कोणी खोडू शकत नाही. मी पुण्याकडच्या एका संस्थेत स्वयंसेवक आहे, उसातल्या पिल्लांच्या कामावर बऱ्याचदा गेलोय, त्यामुळे घोडकाठच्या भाऊंना जे माहीत आहे ते सांगतो.

पहिलं म्हणजे जागा नाही म्हणून टाळलं असं नाही. समजा तिन्ही पिल्लं काल दुपारी गाडीत घालून नेली असती. आई तिथंच आसपास आहे, दिवसा माणसांची वर्दळ बघून ती दुसऱ्या फडात दबून बसलेली असते, रात्री ती येणारच. आली आणि पिल्लं नाहीत, तर ती सैरभैर होते, त्याच सरीत, त्याच बांधावर, कोप्यांच्या भोवती शोधत फिरते. म्हणजे जे टाळायचं म्हणून भावकी पिल्लं न्यायला सांगतेय नेमकं तेच होतं. पिल्लं मिळाली की बहुतेक वेळा ती त्यांना उचलून दुसऱ्या उसात हलवते, कारण ही जागा आता तिच्या दृष्टीने बिघडली. तुमच्या शेतातून तिला घालवायचा सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग हाच आहे.

आता पद्धत. पिल्लं जिथं सापडली तीच जागा धरायची, दहा सऱ्या इकडं तिकडं केलं तरी गडबड होते. हातमोजे घालूनच हाताळायचं, शक्य तितकं कमी. डॉक्टर जखम आहे का, अंगात पाणी कमी झालंय का, नर की मादी हे बघतात, चिप यासाठी की पुढे कधी हाच प्राणी पिंजऱ्यात आला तर कळावं कुठला आहे. क्रेट असा असतो की पिल्लू भटकून विहिरीत पडू नये, कुत्र्यांना सापडू नये, पण आईला पंजाने सहज पाडता यावा. कॅमेऱ्यावर बघितलंय मी, ती आधी लांबून घिरट्या घालते, बसते, वास घेते, कधी कधी तासभर नुसती बघत राहते, मग क्रेट आडवा करून एकाची मानगूट धरते आणि जाते. एका वेळी एकच नेता येतं तिला. म्हणून तुमचं एक राहिलंय त्यात काळजीचं काही नाही, दुसऱ्या रात्री येऊन नेल्याचं मी स्वतः पाहिलंय. अट एकच, त्या बाजूला रात्री कोणी टॉर्च मारत, मोबाईल काढून शूटिंग करत जायचं नाही. बघ्यांची गर्दी झाली की आई येत नाही, आणि मग पिल्लू खरंच अनाथ होतं.

आणि ही संस्था एकटी काही करू शकत नाही हेही भावकीला सांगा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, उचलायचा, हलवायचा, पकडायचा निर्णय वनखात्याचा. संस्थेकडे डॉक्टर, औषध, कॅमेरे आणि रात्र रात्र बसायची तयारी असते, ती ते खात्याला देतात.

शिवनेरीच्या_पायथ्याशी

माझं घर जुन्नरला, म्हणून माणिकडोहबद्दल लिहितो. धरणाजवळचं ते केंद्र वनखात्याचं आहे आणि २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था खात्याबरोबर ते चालवते. बाहेरून लोकांना वाटतं तिथं बिबटे नेतात, बरे करतात आणि सोडतात. काहींचं होतंही तसं, विहिरीत पडलेला, किरकोळ जखमी असेल तर. पण तिथले बरेचसे प्राणी आयुष्यभराचे आहेत. गाडीच्या धडकेत मोडलेले, फासात पाय गेलेले, आणि लहानपणी आईपासून तुटलेले. बाटलीवर वाढवलेलं पिल्लू पुढे जंगलात सोडता येत नाही, त्याला शिकार कोणी शिकवली नाही आणि माणसाची भीती उरली नाही, असा बिबट्या बाहेर सोडणं गावाला जास्त धोक्याचं. पिल्लू दीड-दोन वर्षं आईमागे फिरून सगळं शिकतं, ते पिंजऱ्यात कोणी शिकवू शकत नाही. म्हणजे तुमच्या शेतातली ही तीन पिल्लं नेली असती तर पंधरा-वीस वर्षं तीन पिंजरे अडकले असते, रोजचं मांस, माणसं, डॉक्टर. तेवढ्याच जागेवर खरोखर गरज असलेला जखमी प्राणी आला की त्याला जागा नसते.

आणि "पकडून लांब सोडा" हेही आम्ही करून बघितलंय. २००१ नंतर जुन्नर विभागात तेच चाललं होतं, बिबट्या दिसला की पिंजरा लाव आणि लांबच्या जंगलात सोड. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, २०११ ला प्रसिद्ध झाला. त्यात आहे की २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले गेले, आणि आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे ते नंतर चौपटीवर गेले, त्यात जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात खवळलेला प्राणी जास्त घातक ठरतो. त्या वर्षांत इथं राहिलेल्या माणसाला हे कागदावरचे आकडे वाटत नाहीत.

पाटील म्हणतात ते दुखणं मात्र या संस्थांनी जास्त मनावर घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. पिल्लू भेटवल्याचा व्हिडिओ टाकतात तसं त्याच गावात पुढचे पंधरा दिवस फिरून घरोघरी बोललं पाहिजे, शाळेत गेलं पाहिजे. काही करतात, सगळे नाही करत. ज्या बिबट्याला माणसावर हल्ला करायची सवय लागलीय तो पकडलाच पाहिजे, त्यात दुमत नको. पण पिल्लं असलेली प्रत्येक मादी म्हणजे तो बिबट्या नव्हे.

शिरूरकर_पाटील

पटतंय बरंचसं. आमच्याकडं कोणी हे असं बसून सांगितलं नाही, नुसतं "घाबरू नका" म्हणाले आणि गाडी वळवून गेले. दिवसा लाईट द्या म्हणून आम्ही किती वर्षं ओरडतोय, त्यात या संस्थांनी आमच्या बाजूने दोन शब्द बोलले तरी गाव त्यांच्या पाठीशी उभं राहील.

रानवाटा_पुणे

एकदम मान्य. दिवसा वीज हा आमच्या दृष्टीने पण बिबट्याचाच विषय आहे.

घोडकाठचा भाऊ, आज रात्रीचं राहिलं होतं सांगायचं. कोपीवरची लेकरं अंधार पडायच्या आधी आत घ्यायची, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवायची, दाराशी नाही. कोपीत आडोसा म्हणून नुसतं पाचट असतं, त्यामुळे बाहेर एक तरी दिवा रात्रभर चालू पाहिजे, तुमच्या वडिलांना वायर ओढून देता आली तर बघा. बाया पहाटे परसाकडला एकट्या जातात ती वेळ सगळ्यात वाईट, वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटतं, त्यामुळे दोघी-तिघी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत बोलत. शेळ्या असतील तर रात्रीपुरत्या तुमच्या गोठ्यात घ्या. उरलंसुरलं अन्न कोप्यांजवळ टाकू नका, त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास झालाय, त्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के, शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली. काही वाटलंच तर १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाईन आहे, टोल फ्री.

घोडकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. भावकीला हा धागा वाचून दाखवला, चुलते अजून कुरकुरतायत पण उद्यापर्यंत थांबायला तयार झालेत. वायर ओढून दिवा लावलाय. कारखान्याच्या शेतकी ऑफिसला सांगून ठेवलंय तोडीचं. वडील विचारत होते की या लोकांना काही पैसे द्यायचे असतात का, त्यांनी तर चहासुद्धा आग्रह केल्यावर घेतला.

कसबा_पेठ_ताई

भाऊ, रेस्क्यूचे पैसे शेतकऱ्याकडून घ्यायचे नसतात, कोणी मागितले तर वनखात्याला कळवा. स्वखुशीने द्यायचे असतील तर जरूर द्या, या संस्था देणग्यांवरच चालतात. मी हिशोबाच्या कामात आहे, बऱ्याच ट्रस्टचं बघते, म्हणून सांगते. रोख हातात देऊ नका, संस्थेच्या खात्यावर टाका आणि पावती घ्या, देणगीवरच्या करसवलतीसाठी २००० च्या वर रोख चालतच नाही. वडील जुन्या करपद्धतीत असतील तरच वजावट मिळेल, नवीन पद्धतीत नाही, आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर विचारा, चांगली संस्था एका मिनिटात देते. नातेवाईक परदेशात असतील आणि तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालतात, भारतीय पासपोर्ट असेल तर ती अडचण नाही.

कागदांपेक्षा मी एक गोष्ट आधी बघते. संस्थेच्या पेजवर बिबट्याचं किंवा कुठलंही रानटी पिल्लू मांडीवर घेऊन, दूध पाजत हसतमुख फोटो असतील तर मी तिथं पैसे देत नाही. ज्यांना ते पिल्लू परत आईकडे जायला हवंय ते त्याला कुरवाळत बसत नाहीत. आणि सारखं "तातडीने मदत हवी" म्हणून जखमी जनावराचे फोटो टाकतात पण तो प्राणी पुढे बरा झाला, सोडला की मेला, हे कधीच लिहीत नाहीत, तिथंही हात आखडता घ्या. मेलेल्या प्राण्याबद्दलही सरळ लिहिणाऱ्या संस्थेवर माझा जास्त विश्वास आहे.

वाघाटीप्रेमी

थोडं वेगळं, पण तोडीचा हंगाम आहे म्हणून लिहितो. उसात निघालेलं प्रत्येक ठिपकेवालं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास, तिची पिल्लं आपल्याकडे उसात सर्रास सापडतात आणि लोक बिबट्या समजून घाबरतात, नाहीतर गोंडस म्हणून घरी नेतात. रानमांजराची पण तीच गत. त्यांनाही घरी ठेवणं गुन्हाच आहे आणि दुधावर ती बहुतेक जगत नाहीत. पद्धत तीच, हात न लावता तोड थांबवायची आणि १९२६. टोळीच्या मुकादमांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तिथं बिबट्या, रानमांजर आणि वाघाटी तिन्हीच्या पिल्लांचे फोटो शेजारी शेजारी टाकून ठेवा, शेतात पहिला फोन मुकादमच करतो.