ग्रिलमध्ये कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता लावायचाय. सुरुवात कशाने करू?

ठाण्याची_सुगरण:
फ्लॅट चौथ्या मजल्यावर, किचनला लागून बाहेर काढलेलं ग्रिल. तोंड पूर्वेला, ऊन साडेदहा-अकरापर्यंत, मग सावली. बागकामाचा अनुभव शून्य. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता आणि लेकीच्या पास्त्यासाठी बेसिल हवंय. जुडी आणली की निम्मी फ्रिजमध्ये काळी पडते, म्हणून हा उद्योग. गणपती झाले, पाऊस अजून अधूनमधून आहेच. आत्ता काय लावू? माती कुठली?

परसदार:
ताई, तुमच्या यादीत नाही तरी आधी मेथी लावा. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, चार इंच खोल ट्रेमध्ये दाट पेरा, वर मातीचा पातळ थर. तीन-चार दिवसांत उगवते, दोन-तीन आठवड्यांत कात्रीने कापायची. मुंबईत समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात ना, ती वाळूतच वाढवतात. म्हणजे मातीचेही फार लाड नाहीत. पहिलंच पीक हाताला लागलं की हुरूप येतो.

कोथिंबीर मात्र दसऱ्यापर्यंत थांबवा. पावसात कोवळी रोपं बुडाशी कुजतात. पुढे उन्हाळ्यात लावली तर पानं धरायच्या आत तुरे येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून फाका करायच्या (धणेपूड नको!), रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरायच्या. आठ-दहा दिवस काहीही दिसत नाही. तेवढ्यात माती उकरून बघायचा मोह होतो, तो आवरा. सोटमूळ असतं, त्यामुळे रोपं उपटून दुसरीकडे लावायची नाहीत. जिथे खायची तिथेच पेरायची. आणि दर पंधरवड्याला थोडे थोडे धणे पेरत राहिलात तरच घरची कोथिंबीर पुरते. एका कुंडीत महिनाभराची होत नाही, उगाच कशाला आशा लावू.

कुंडीतली_काकू:
पुदिन्याला रोप विकत घेऊच नका. जुडीतल्या जाड, ताज्या काड्या निवडा, खालची पानं काढा, पाण्याच्या ग्लासात ठेवा. आठवडाभरात मुळं फुटतात. पसरट कुंडी द्या, पण स्वतंत्र. तो जमिनीलगत धावत सुटतो, शेजाऱ्याला जगू देत नाही. तुमच्याकडचं ऊन त्याला पुरेल.

माती: नर्सरीतली पोत्यातली लाल माती नुसती भरू नका, पाणी घालून घालून विटेसारखी होते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी भिजवून, पिळून घ्या.

परसदार:
काकू, ग्रिलमध्ये माती कमी आणि कोकोपीट जास्त असावं असं माझं मत. भिजलेली कुंडी भयंकर जड होते आणि खाली माणसं चालतात. कढीपत्त्याची मोठी कुंडी तर ग्रिलवर ठेवूच नये, आत गॅलरीत लादीवर ठेवावी.

कुंडीतली_काकू:
वजनाचं मान्य. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतं, मग खत थोडं थोडं वरचेवर द्यावं लागतं एवढंच.

कढीपत्ता बियांपासून नको, फार वेळ जातो. फूट-दीड फुटाचं रोप आणा, जिथे जास्त ऊन तिथे ठेवा. लोक आंबट ताक घालायला सांगतात. मी घालते, पण ताकापेक्षा ऊन मोठं. सुटी पानं न ओरबाडता अख्खी काडी तोडा, शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फुटतो. थंडीत तो थबकतो, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा, फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि रोप बोडकं करते. चिमट्याने उचलायची.

ठाण्याची_सुगरण:
वा! आणि बेसिल?

परसदार:
तुळशीचीच जात, पाच-सहा तास ऊन मागते. तुमच्याकडे लांबुडकी होईल. लावायचीच तर ग्रिलच्या पार बाहेरच्या कडेला ठेवा आणि तुरे दिसले की खुडा. त्यापेक्षा पानओवा लावा. जाड, लवदार पानांचा, भजी करतात तो. फांदी खोचली की लागतो, पाणी कमी लागतं. पिझ्झावर बारीक चिरून घाला, ओरेगॅनोच्या जवळ जातो. भज्यांची सोय वेगळीच.

ठाण्याची_सुगरण:
ओवा नक्की! पाणी रोज घालायचं का? आणि कबुतरांचं काय करू? ग्रिलवर त्यांचंच राज्य आहे.

कुंडीतली_काकू:
बोट पेरभर मातीत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. कुंडीला खाली भोक हवंच. कबुतरं कोवळे कोंब उपटतात, तर कांदे येतात ती जाळीची पिशवी फाडून ट्रेवर ताणून बांधा. रोपं चार बोटं वाढली की काढा.

ठाण्याची_सुगरण:
पिशवी घरात आहे, मेथीदाणे आज रात्री भिजवते.