स्मृती गेली तर देवाचे प्रतिरूपही जाते का?

प्रश्न

माझ्या आईला स्मृतिभ्रंश जडून सहा वर्षे झाली. सकाळी मी तिचे केस विंचरते, तेव्हा आरशातल्या चेहऱ्याकडे बोट दाखवून ती मला “या बाई कोण?” असे विचारते. मध्यंतरी एका उपदेशात मी ऐकले की, माणसाला बुद्धी आहे, बरेवाईट कळते आणि देवाला ओळखता येते, म्हणूनच तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. प्रतिरूप बुद्धीत असेल, तर आईमधले ते दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहे असे मानायचे का? “ते सर्वांमध्ये असतेच” एवढे उत्तर मला पुरत नाही. ते कशामुळे असते, हे पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) आधारे कोणी सांगावे, ही विनंती.

उत्तर १

ताई, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला असे सांगणारी वचने म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकातली उत्पत्ती १:२६-२७; त्यांत बुद्धीचा उल्लेखच नाही. तिथे ‘त्सेलेम’ आणि ‘देमूत’ असे दोन हिब्रू शब्द आहेत. त्यांपैकी पहिला, ज्याला आपण ‘प्रतिरूप’ म्हणतो, तो मूर्तीसाठी आणि पुतळ्यासाठीही वापरला जातो. दुसऱ्याचा अर्थ सादृश्य. १९७९ साली सीरियातील तेल फेखेरिये येथे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला एका राजाचा पुतळा सापडला आणि त्यावरच्या अरामी लेखात त्या पुतळ्याला उद्देशून याच दोन शब्दांची अरामी रूपे आली आहेत. असा पुतळा राजाच्या वतीने उभा असतो. त्याला मान मिळतो तो ज्याचा तो पुतळा आहे त्याच्यामुळे. दगड किती चांगला आहे, हे कोणी विचारत नाही.

शेजारच्या मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा म्हणवण्याचा मान राजाकडे जाई. इस्राएलात तर देवाची मूर्ती घडवण्यासच बंदी होती आणि मंदिराच्या सर्वांत आतल्या परमपवित्रस्थानातही देवाची मूर्ती नव्हती. अशा लोकांच्या शास्त्राने मूर्तीचा शब्द जिवंत माणसाला लावला, आणि तोही नर व नारी अशा सर्वांना, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. माणूस पापात पडल्यानंतर आणि जलप्रलयानंतरही उत्पत्ती ९:६ मध्ये नरहत्येच्या निषेधाचे कारण म्हणून हेच प्रतिरूप सांगितले आहे. तिथे मारल्या गेलेल्या माणसाची समज किती होती, याची चौकशी नाही.

उत्तर २

वरील मांडणी मला पटते. परंतु बुद्धीवर भर देणाऱ्या परंपरेला इतक्या लवकर बाजूला सारू नये. दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूने प्रतिरूप आणि सादृश्य यांत भेद केला होता, तो हिब्रू वाक्यरचनेवर फारसा टिकत नाही, हे खरे. चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन याचे मात्र तसे नाही. स्मृती, आकलन आणि इच्छा या तिघांत त्याने त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा एकाच देवाचे) प्रतिबिंब पाहिले, म्हणून तुमची भीती त्याच्यापाशी अधिकच वाढेल असे वाटते. पण प्रतिरूप झिजून जवळजवळ नाहीसे झाले असले किंवा विद्रूप झाले असले, तरी ते असतेच, असेही त्यानेच लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विनदेखील ते बिघडले असे म्हणतो, पूर्णपणे पुसले गेले असे म्हणत नाही.

या शिकवणीची धार पाहायची असेल तर चौथ्या शतकातल्या नीसाच्या ग्रेगरी या बिशपाकडे जावे. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकावर बोलताना त्याने गुलाम विकत घेणाऱ्यांना सरळ विचारले की, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यांत केली? गुलाम किती हुशार आहे, किती काम करतो, हा प्रश्न त्याला पडलाच नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचीही आभारी आहे. एक शंका उरते. त्याच वचनात माणसाने पृथ्वीवर सत्ता चालवावी असे म्हटले आहे. आईला आता स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. मग प्रतिनिधी म्हणून ती काय करते?

उत्तर ३

ताई, ती आज्ञा एकेकट्याला दिलेली नाही. मूळ वचनात ‘मनुष्य’ हा शब्द एकवचनी आहे, पण सत्ता चालवण्याचे क्रियापद अनेकवचनी आहे; काम सर्वांचे मिळून आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला ते सारखे येत नाही. तान्ह्या बाळाच्या वाट्याला तर काहीच येत नाही, तरी उत्पत्ती ५:३ मध्ये पहिला माणूस आदाम याला शेथ हा मुलगा झाला तेव्हाच तो मुलगा बापाच्या प्रतिरूपाचा म्हटला आहे. मुलाने काही करून दाखवण्याची वाट तिथे पाहिलेली नाही.

तुम्ही आरशाविषयी लिहिले, म्हणून प्रेषित पौलाच्या पत्रातले १ करिंथकर १३:१२ आठवले. आता आपल्याला आरशात अस्पष्ट दिसते, असे तो तिथे म्हणतो, आणि पुढे जे पूर्ण ज्ञान होणार आहे त्याला माप लावतो ते देवाने आपल्याला ओळखले आहे त्याचे. ती ओळख देवाकडून आधीच झालेली आहे. आईने उद्या पुन्हा “या बाई कोण?” असे विचारले, तर तिला तिचे नाव सांगा.