वाचनालयात काम करणाऱ्यांनो, इकडे या: काउंटरवर काय काय येतं आणि त्याचं काय करायचं

देवघेव_खिडकी
आज रद्दीच्या दुकानावरून जाताना जुन्या बांधणीचा ओलसर, पिठाच्या खळीचा वास आला आणि जून महिन्यातलं वाचनालय डोळ्यांसमोर आलं. म्हणून हा धागा. वाचनालयात काम करणारे, केलेले, कार्यकारिणीवर असलेले, सगळे लिहा. एकच विनंती, ‘आमच्या वेळी’ नको. काय समोर येतं आणि त्याचं काय करता तेवढं लिहा, नव्याने लागलेल्या पोरापोरींना उपयोग होईल. ग्रंथालयशास्त्राच्या कोर्समध्ये रंगनाथनांचे पाच नियम पाठ करून घेतात, पण पुस्तकातून विजेचं बिल पडलं तर काय करायचं ते कुणी सांगत नाही.

तिथूनच सुरू करतो. परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी पाठीकडून धरून उलटं करायचं आणि पानं हलकेच मोकळी सोडायची. जोरात झटकायचं नाही, गमची बांधणी तिथेच सुटते. जे पडेल ते पाकिटात, पाकिटावर दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) आणि तारीख, कारण तासाभराने कुठल्या पुस्तकातून काय पडलं ते आठवत नाही. रेल्वेचा पास असेल तर लगेच फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार असतो. पैसे निघाले तर वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या, रक्कम दहा रुपये असली तरी. डॉक्टरांची चिठ्ठी किंवा रिपोर्ट असेल तर वाचत बसू नये, घडी करून पाकिटात. आणि ‘तुमची चिठ्ठी राहिली होती’ असं काउंटरवर सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं नाही.

टोचा_दाभण
चांगला धागा. सापडणाऱ्या वस्तूंपेक्षा त्या मागे काय ठेवून जातात ते बघा. मुंबईच्या हवेत टाचणी आणि यू-पिन महिन्या-दोन महिन्यांत गंजतात आणि पानावर तपकिरी ठसा उमटतो, तो जात नाही. रबर बँड वितळून चिकटतो, ओढला की कागदासकट येतो. त्याला आधी सुकू द्या, कडक झाला की प्लास्टिकच्या पट्टीने कडेने उचला. बेलाचं पान, चाफा, तुळस: ओलं असताना ठेवलेलं असतं, त्याचा रस समोरासमोरच्या दोन्ही पानांत उतरतो. काढून टाका, भक्तिभाव मनात ठेवा.

आणि सेलोटेप. सभासद स्वतः पान चिकटवून आणतात, वर आपण किती काळजी घेतो हे सांगतात. दोन-चार वर्षांत टेप पिवळी पडते, प्लास्टिक निघून येतं आणि चिकट मागे राहतं, त्याला शेजारचं पान चिकटतं. सूचनाफलकावर मोठ्या अक्षरात लिहा: फाटलं तर फाटलेलंच आणा.

नायगाव_नाका
आमच्याकडे बुकमार्क म्हणून पापलेटचा काटा आलाय पुस्तकात 😄

देवघेव_खिडकी
स्वच्छ होता का? मग ठीक. तेलकट असेल तर झुरळं येतात.

पार्ले_पूर्व
पावसाळ्याचं लिहिते, घाईत आहे, कुकर लावलाय.

भिजलेलं पुस्तक आलं की बहुतेक जण ते उन्हात किंवा इस्त्रीखाली घालतात. दोन्ही नको, कागद आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. पहिल्या ४८ तासांत सुकलं नाही तर बुरशी धरते, म्हणून वेळ तेवढाच.
पाणी गळत असेल तर पुस्तक बंद ठेवूनच हाताने अलगद दाबा. मग दर २०-२५ पानांनी कोरा शोषक कागद घाला. टिपकागद मिळाला तर उत्तम, नाही तर कोरा न्यूजप्रिंट. छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कागद ओला झाला की बदलायचा, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. फार कागद एकदम कोंबू नका, पाठ फाटते. निथळून झालं की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी पसरा आणि छताचा पंखा चालू. जवळजवळ सुकलं, हाताला फक्त गार लागतंय, अशा वेळी वजनाखाली सपाट ठेवा.

गुळगुळीत आर्ट पेपरचं पुस्तक (चित्रांची, पाककृतींची, मुलांची) आधी हातात घ्या. ते एकदा चिकटून सुकलं की वीट होते, मग पानं सुटत नाहीत. ओलं असतानाच प्रत्येक पानात बटर पेपर.

चाळीतला_वाचक
हेअर ड्रायर?

पार्ले_पूर्व
गार हवेवर आणि लांबून, तेही एखाददुसऱ्या पानाला. गरम हवेने वरचं पान सुकून वाकतं आणि आतलं तसंच ओलं राहतं.
आणि हो, पुराचं पाणी आत शिरलं असेल (२६ जुलै २००५ सारखं) तर ते गटाराचं पाणी असतं. हातमोजे घालूनच हात लावा. बाजारात मिळणाऱ्या कादंबऱ्या वाचवत बसू नका, यादी करून रद्द करा. वेळ संदर्भग्रंथांना, जुन्या मासिकांच्या फायलींना द्या. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान वीतभर वर आणि कपाट भिंतीपासून निदान वीतभर लांब, एवढं केलं तरी पुढचं पुष्कळ टळतं.

टोचा_दाभण
+१. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे वाळवीची मातीची नळी चढते ती दिसतच नाही. दिसते तेव्हा एक रांग पोकळ झालेली असते.

गुप्तपान
नव्यांसाठी: दाखल नोंदवहीत खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर लाल शाईने आडवी रेघ, बाजूला सही. पुस्तक हरवलं, रद्द झालं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. तपासणीला आलेले सगळ्यात आधी तेच बघतात. सॉफ्टवेअर असलं तरी छापील वही ठेवा.
शिक्का शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक पुस्तकात ठरलेला एकच पृष्ठक्रमांक. शीर्षकपान फाडून नेलं तरी पुस्तक आपलंच आहे हे त्यावरून दाखवता येतं.

नायगाव_नाका
तुमच्याकडे कितवं पान?

गुप्तपान
नाव वाचा माझं.

शब्दकोडं_आडवं५
मुक्तद्वारमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या वाचनकक्षात, काम करणाऱ्यांसाठी. सकाळी वर्तमानपत्रं आली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी पेनाने शब्दकोडं सोडवतं आणि मग दिवसभर भांडणं. उपाय सोपा: सकाळीच कोड्याच्या दहा-बारा झेरॉक्स काढा, टेबलावर ठेवा, सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल. कोड्यासाठी येणारे त्याच तीन-चार खुर्च्यांवर बसतात, तिथेच ठेवा.
नोकरीच्या जाहिरातींचं पान ब्लेडने कापलं जातं. तेही आधीच झेरॉक्स करून फलकावर लावा, कापायचं कारणच उरत नाही.
पेपरची सगळी पानं एकत्र दांडीला अडकवली तर एकच माणूस तासभर धरून बसतो. एक-एक जोडपान सुटं करून प्रत्येकावर शिक्का मारला तर चौघं वाचतात. बंद करताना मात्र मोजून परत एकत्र करायचं. पंख्याखालची खुर्ची कुणाची, याला उपाय नाही.

जिन्यावरून
अभ्यासिकेत बाटली, वही, रुमाल ठेवून जागा धरणं हा वेगळाच विषय. पुठ्ठ्याची घड्याळं करा, काटे फिरवता येतील अशी. उठताना निघायची वेळ लावून जायचं. ४० मिनिटांनंतर सामान काउंटरवर आणि जागा पुढच्याला. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ३० करा. कर्मचाऱ्याने सामान उचलताना दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्यावं, मागाहून ‘माझे पैसे होते’ होतं.

लाल_पुठ्ठा
“ते लाल कव्हरचं पुस्तक आहे का? लेखक आठवत नाही.” 😀
हसू नका, सापडतं. नाव विचारू नका, ते आठवत असतं तर आले नसते. विचारायचं ते हे: कधी वाचलं होतं, जाड होतं की हातात मावणारं, यावर मालिका किंवा नाटक आलं होतं का, गोष्ट गावातली की शहरातली, कुणी सुचवलं? रंगावर जास्त भरवसा ठेवू नका. नव्या आवृत्तीला मुखपृष्ठ बदलतं आणि बांधणीवाल्याने बक्रम (बांधणीचं जाड कापड) चढवलं असेल तर मूळ मुखपृष्ठ गेलेलंच असतं. सभासदाची जुनी देवघेव निघत असेल तर पाच मिनिटांचं काम.
कपाटाशी पाठवताना आकडाही सांगा. ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे लावलेलं असेल तर मराठी कादंबरी-कथा ८९१.४६३, नाटक ८९१.४६२, कविता ८९१.४६१. एकदा कळलं की नेहमीचे लोक आपले आपण जातात. पाककृती ६४१.५, तिथे कधीच काही जागेवर नसतं.

सही_शेवटच्या_पानावर
ज्येष्ठ सभासद वाचलेल्या पुस्तकात खूण करतात ना! कुणी पान ३५ ला टिंब, कुणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘वि’. पुन्हा तेच पुस्तक घरी जाऊ नये म्हणून. रागवून थांबत नाही. त्यांना वाचलेल्यांची यादी छापून द्या किंवा छोटी वही ठेवायला सांगा. रहस्यकथेत ‘खून भाच्याने केला’ लिहिणारे वेगळे, त्यांना मात्र माफी नाही. खोडरबराने पानाच्या मधून कडेकडे एकाच दिशेने खोडा, पुढेमागे केलं की पान चुरगळतं.

यावरून एक गंभीर गोष्ट. कार्डाची जुनी पद्धत असलेल्या ठिकाणी पुस्तकाच्या कार्डावर आधीच्या वाचकांचे क्रमांक दिसतात आणि छोट्या वस्तीत क्रमांकावरून माणूस कळतो. घटस्फोटाचे कायदे, दारू सोडवण्याची पुस्तकं, आजारांची माहिती, हे कुणी नेलं ते दुसऱ्याला कळता कामा नये. ‘माझ्या मिसेसने काय नेलंय’ असं विचारत नवरा येतो, मुलाचं विचारत आई येते. उत्तर एकच: ज्याचं कार्ड त्यालाच सांगतो. हसून सांगा, पण सांगू नका. थकलेलं पुस्तक मागायला फोन कराल तेव्हा घरातल्या दुसऱ्याने उचलला तर ‘वाचनालयाचं एक पुस्तक आहे’ एवढंच, नाव नाही.

पार्ले_पूर्व
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. (कुकर झाला.)

फर्मा_सोळापानी
दिवाळी अंकांचं कुणीच काढलं नाही? का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली परंपरा आणि वाचनालयाच्या कामाचा सगळ्यात धामधुमीचा हंगाम.

अंक आला की त्याच दिवशी द्यायची घाई करू नका. गमची पाठ आठ-दहा हातांत मधोमध तुटते. पाठीपासून अर्धा सेंटीमीटर आत टोच्याने तीन भोकं पाडा, मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून घालून वर-खाली फिरवून मागे गाठ मारा. जाड अंकाला पाच भोकं. तार मारू नका, गंजते. मग खाकी कव्हर, वर नाव आणि किंमत ठळक, म्हणजे हरवल्यावर वाद नाही. एका वेळी एकच अंक, आणि मागणी असलेल्यांना कमी दिवस. यादी अकारविल्हे लावा आणि गेलेल्यावर रोज खूण करा, नाही तर प्रत्येक जण ‘तो आलाय का’ विचारत उभा राहतो.
नेहमीच्या पुस्तकांना ही शिलाई चालते असं नाही. ज्यात १६ पानांचे फर्मे (घडी घातलेले जुडगे) शिवलेले आहेत त्याला बाजूने टोचलं की पुस्तक नीट उघडत नाही. तिथे फर्मे सुटे करून पुन्हा शिवायला बांधणीवाल्याकडेच द्या. आणि त्याला कडा कापताना कमीत कमी घ्यायला सांगा, समासातली टीप कापली जाते.

चाळीतला_वाचक
बक्रम, खाकी कागद वगैरे स्वस्तात कुठे?

फर्मा_सोळापानी
अब्दुल रेहमान स्ट्रीट. दुपारी बाराच्या आत जा, गर्दीत बक्रमचा गुंडाळा घेऊन चालणं म्हणजे शिक्षा.

टोचा_दाभण
खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालणारे अजून आहेत. कीड लागत नाही हे खरं, पण तांब्याच्या क्षाराने कागद वर्षानुवर्षं काळवंडतो. रोजच्या देवघेवीच्या पुस्तकाला चालवून घेतात, जपून ठेवायच्या ग्रंथाला नको.

नायगाव_नाका
लेखक स्वतः पुस्तक घेऊन येतात, पाच प्रती ‘भेट’, आणि पुढच्या आठवड्यात किती जणांनी वाचलं विचारायला येतात, त्याचं काय करायचं?

लाल_पुठ्ठा
एक प्रत घ्या, पोच द्या, बाकीच्या नम्रपणे परत. स्वतःच छापलं असेल तर १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा सांगा. प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक आणखी तीन ठिकाणी पाठवायची असते, त्यातलं एक आपल्या मुंबईतलं, टाऊन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. बहुतेकांना माहीतच नसतं, ऐकून खूश होतात.

गुप्तपान
भेटीवरून आठवलं. घरातलं माणूस गेलं की पोती भरून पुस्तकं येतात. नाही म्हणवत नाही. पण पोतं थेट कपाटाशी नेऊ नका, एका पोत्यातून अख्ख्या खोलीला कीड लागते. बारीक गोल भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर किडा आत जिवंत आहे असंच धरा. कसर वेगळी, ती वरवर खरवडते, चिकटावर आणि खळीवर जगते. डांबरगोळ्यांनी वाचकांची डोकी दुखतात, किडा तसाच राहतो.
संशय असलेलं पुस्तक जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद, आणि उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पूर्ण एक दिवस. लगेच उघडली की कागदावर दव धरतं.
घेतानाच लेखी घ्या की नको असलेली पुस्तकं वाचनालय दुसऱ्यांना देईल किंवा रद्द करील. नाही तर दोन वर्षांनी मुलगा येतो, बाबांचा ज्ञानकोश कुठे म्हणून.

जिन्यावरून
त्याच पोत्यात आपल्याच वाचनालयाची पुस्तकंही निघतात, दुसऱ्या वाचनालयांची पण. शिक्का बघून त्यांना कळवा. दंडाचं बोलू नका. अनामत बाकी असेल तर वारसाकडून अर्ज, पावती किंवा कार्ड घेऊन परत करायची, हे आपणहून सांगा, त्यांना सुचत नाही.

चाळीतला_वाचक
डीप फ्रीझर कुठून आणायचा पण? घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात चालेल?

गुप्तपान
बर्फाचा कप्पा खरंच उणे १८ ला जात असेल तर एखाद-दुसरं पुस्तक चालेल. दार सारखं उघडू नका. जुन्या एकदारी फ्रीजचा तेवढा गार होत नाही.

नायगाव_नाका
आमच्या कप्प्यात सोललेली कोळंबी आहे.

गुप्तपान
मग पिशव्या दोन घाला.