नाकेबंदी अमेरिकेत, होरपळ सुप्यात

व्यापारातली लढाई ही शब्दापुरती लढाई, खऱ्या युद्धाशी तिची तुलना नको, असं एक मत आहे. मला हे पटत नाही. दोन्ही इतक्या गुंतलेल्या असतात की वेगळ्या काढता येत नाहीत.

एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस अडला. त्यावर चालणाऱ्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि युद्धाशी काडीचा संबंध नसलेल्या कामगारांची उपासमार झाली. इकडे मुंबईत पैशांचा पूर! अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून इथल्या कापसाचे भाव कडाडले, समुद्रात भराव घालून जमीन काढू पाहणाऱ्या बॅक बे भराव कंपनीच्या शेअरसाठी झुंबड उडाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

मुंबईच्या शेठजींचं दिवाळं सगळ्यांना ठाऊक असतं. मला जास्त सलतो तो शेतकरी. तेजीत सावकार सढळ हाताने कर्ज देत होता. मंदी आली तसा त्याने हात आखडता घेतला, व्याज मात्र चढतच राहिलं. त्यातच जमिनीच्या सरकारी फेरपाहणीत शेतसारा वाढला (म्हणजे दोष एकट्या अमेरिकेच्या युद्धाचा नव्हे, हे मान्य). मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चार वर्षांनी दख्खन शेतकरी कायदा आला, तेव्हा कुठे कोर्टाला कर्जरोख्यामागचा खरा हिशेब तपासता येऊ लागला.