जबरानजोत: न का ण, अन् मुळात लिहावं का नाही?

बांधीवाला:
सोमवारी तालुक्याले मोर्चा आहे, वनहक्काचे दावे किती वर्षं झाले पडून आहेत त्याचा. बॅनरचा मजकूर लिहाचं काम माझ्यावर आलं, गावात माझं अक्षर बरं हाये असा लोकांचा गैरसमज. मी कागदावर लिहिलं "जबरानजोतधारक शेतकऱ्यांचा मोर्चा". जबरानजोत म्हणजे जंगलाची जमीन कागदाविना वाहणं. पुण्याले शिकाले असलेला भाचा म्हणते मामा हे काढा, जबरान म्हणजे जबरदस्ती, आपणच आपल्या हातानं लिहून देऊन राह्यलो का आम्ही जबरदस्तीनं जमीन घेतली, त्यापेक्षा "वनहक्क दावेदार" लिहा. आता माझा आजा, बाप सारे हाच शब्द वापरत आले, "आमची जबरान नाल्यापलीकडं हाये" असं चारचौघात सांगत, कोनाले लाज नाही वाटली. तर जाणकारांनी सांगा का शब्द खरंच वाईट आहे का. अन् दुसरं, पेंटर विचारून राह्यला का जबरान मधला न नळाचा का बाणाचा.

मास्तरीणबाई:
भाऊ, शब्द दोन तुकड्यांचा आहे आणि दोन्ही तुकडे दोन वेगळ्या माणसांच्या तोंडचे आहेत. "जबरन" अरबी-फारसीतून हिंदीत आला, जबर, जबरी, जबरदस्ती सगळी एकाच घरची भावंडं. "जोत" म्हणजे औत धरून वाहणं. म्हणजे पहिला तुकडा कचेरीतल्या बाबूचा आणि दुसरा नांगर धरणाऱ्याचा. आपला विदर्भ १९५६ पर्यंत मध्यप्रांतात, नंतरच्या मध्यप्रदेशात होता, नागपूर राजधानी, त्यामुळे दप्तरातले शब्द तिकडच्या वळणाचे राहिले. नाकेदार, मालगुजार, निस्तार, झुडपी, हे पुणे-साताऱ्याच्या माणसाला सांगून बघा, तोंडाकडे बघत बसेल. ठाणे-रायगडाकडे अशाच जमिनींना "दळी" किंवा "एकसाली" म्हणतात, त्यात जबरी कुठेच नाही, पण भांडण तेच.

(विषयांतर: निस्तार म्हणजे गावाच्या गरजेपुरता लाकूडफाटा, चराई वगैरेचा हक्क, आणि मराठीत निस्तरणं म्हणजे दुसऱ्यानं करून ठेवलेला घोळ साफ करणं. निस्तार पत्रकं चाळताना मला कायम दुसराच अर्थ आठवतो.)

बाकी तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे. पण बोलणाऱ्याच्या तोंडात "जबरान" आता नुसतं नाम झालंय, वावर, बांधी, वाडी तशीच जबरान. शिवी जशी लाडाची होते तसं.

वऱ्हाडी बाप्पा:
दावेदार तं लिहूच नका बाप्पा. आमच्या इकडं दावा म्हनजे वैर. "त्यानं दावा धरला" म्हटलं का समजाचं आता दोन पिढ्या बोलनं नाही. वनहक्काचे फारम भरू लागलो तवा आमची बुढी म्हने, कोनासंग दावा मांडून राह्यले रे? तिले समजावलं का हा कागदाचा दावा, तं म्हनते दाव्यानं बैल बांधतेत, जमीन नाही बांधत.

जबरानच लिहा. सांगतो काहून. आमच्या आज्यानं जंगलाच्या कडेले चार एकर वाहलं होतं. दर दोन-तीन वर्सानं नाकेदार, म्हनजे वनरक्षक, ये, पीक पाहे, दंड करे, पावती फाडे. आजा ती पावती तेलाच्या डब्यात ठेवे. घरचे हासत, दंडाची पावती का कोनी जपून ठेवते? पावतीवर लिहेल, गुन्ह्याचं कारन: अतिक्रमन. मंग आला २००६ चा वनहक्क कायदा. त्यात अट, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात पाह्यजे. आता पुरावा काय? सातबारा तं नाही, असता तं कायले रडलो असतो. डबा उघडला. ज्या कागदानं आज्याले चोर ठरवलं तोच कागद ग्रामसभेत पुरावा म्हनून लावला, संग गावच्या दोन बुढ्यायचा जबाब. आता बोला, जबरी केली हे लपवाचं का दाखवाचं?

बांधीवाला:
बाप्पा हे तुमचं भाच्याले वाचून दाखवलं, चूप बसला थोडा वेळ. तलाठ्याकडं अतिक्रमणाची नोंदवही राहते ना, गाव नमुना एक-ई, आमच्या गावातले लोकं तर त्यात आपलं नाव हाये का हे पाहाले रांग लावून उभे होते. अतिक्रमणवाल्यायच्या यादीत नाव निघालं का पेढे.

जुना नाकेदार:
तुमचं सारं वाचलं. मी त्या पावत्या फाडणाऱ्यांपैकीच, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. माझी बाजू कोनी विचारत नाही म्हणून लिहितो. सारेच आज्याच्या काळचे नव्हते. कायदा आला अन् गावागावात हवा उठली का जो वाहील त्याले पट्टा, तर त्या वर्षी मी जंगलाच्या एका कंपार्टमेंटात सागाची झाडं बुडाशी साल सोलून उभी वाळवलेली पाह्यली, दोन महिन्यात तिथं तीळ पेरला. अडवाले गेलो तर चाळीस-पन्नास लोकं, बायका पुढं, काठ्या मागं. माझा एक पाय आजही पावसाळ्यात ठणकते. त्याले मी काय म्हणू, वनहक्क? जबरी होती ती, शुद्ध जबरी. शब्द बरोबर आहे अन् त्याचा अर्थही बरोबर आहे.

मास्तरीणबाई:
काका, पायाचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणता ते घडलंय हे इथं सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी लिहीत नाही. पण म्हणूनच तर दोन शब्द लागतात. आमच्या शाळेच्या गावात म्हातारे "जुनी जबरान" आणि "नवी तोड" असं वेगळं म्हणतात. कायद्यातही तारीख त्यासाठीच घातली. कचेरीत मात्र दोन्हीला एकच शब्द, अतिक्रमण. धुरा कोरला तरी अतिक्रमण, पानठेला रस्त्यावर टाकला तरी अतिक्रमण, आणि वनखात्याचा खांब रोवायच्या आधीपासून राहतो तोही अतिक्रमणवाला. या शब्दाला आधी कोणीतरी आखलेली रेघ लागते, मगच ती ओलांडता येते. रेघ कधी आखली आणि आखताना तिथं कोण उभं होतं हे शब्दात कुठेच येत नाही. जबरानमध्ये निदान जोत तरी आहे, कोणीतरी घाम गाळला हे तरी दिसतं.

आणि बिगर आदिवासींचं बघा, कुणबी, ढिवर, गोवारी वगैरे. कायद्यात त्यांचं नाव "इतर पारंपरिक वननिवासी", हे नाव मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही. त्यांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवायचा, पिढी पंचवीस वर्षांची धरलेली, म्हणजे मागं जात जात १९३० ला पोचायचं. त्याच १९३० च्या जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. कायदा मोडायला म्हणूनच कापलं, त्याला आपण सत्याग्रह म्हणतो, पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात. गवत तेच.

डेस्कवाला:
मी तालुक्यावरून एका पेपरला बातम्या पाठवतो त्यामुळं माझ्या धंद्यातल्या शब्दांचं सांगतो, शिव्या नंतर घाला. सकाळी निघतो तो मोर्चा. पहिला दगड पडला की पुढच्या ओळीत तो जमाव होतो, माणसं तीच, बॅनर तोच, पण मोर्चेकरी ते जमाव हा प्रवास एका वाक्यात. मग "आंदोलनाला हिंसक वळण लागले". लागले. कोणी लावलं ते नाही, जसं काही घाटातलं वळण आहे, गाडी आपोआप वळली. दगड मारणाराही त्या वाक्यात वाचतो आणि लाठी मारणाराही. अन् लाठीमार कायम सौम्य. मी इतक्या वर्षांत "कडक लाठीमार" छापलेला पाहिला नाही, डोकं फुटलेलं मात्र पाहिलंय.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच नागपूरचं. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा, लाठीमार, पळापळ, ११४ माणसं गेली, त्यात बाया अन् लेकरंच जास्त. कागदावर "चेंगराचेंगरी". चेंगराचेंगरी म्हणजे माणसंच माणसांना तुडवतात, बाहेरच्या कोणाचा हात नाही. समाजाचे लोक "हत्याकांड" म्हणतात आणि स्मारकावर "शहीद". एकाच दुपारचे तीन शब्द, जो कोणी जो शब्द उचलतो त्यावरून तो कुठल्या बाजूला उभा होता ते कळतं. आणि त्यांची मागणी तरी काय होती, यादीतल्या एका शब्दाची. अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंडगोवारी" आहे, ते म्हणत होते की हे आम्हीच. २०१८ मधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, डिसेंबर २०२० मधे सुप्रीम कोर्टानं फिरवला. गोंड आणि गोवारी यांच्यामधल्या त्या जागेत किती माणसं गेली.

जुना नाकेदार:
माझा पाय मोडला तवा तुमच्या पेपरात आलं होतं "वनकर्मचाऱ्याशी झटापट". झटापट म्हणे. मी एकटा, ते पन्नास, अन् झटापट.

डेस्कवाला:
काका, मीच लिहिली असेल कदाचित. माफी.

झाडीतला:
शब्दानंच जमीन जाते अन् येते हे आपल्याइतकं कोनाले ठाऊक. झुडपी जंगल घ्या. नाव पाहा, झुडपं, चराईची जागा, महसूल म्हणे आमचं, वन म्हणे आमचं, त्यावर घरं झाली शाळा झाल्या, अन् मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं का झुडपी असलं तरी ते वनच. बांबूचं उलटं. तो झाड का गवत यावर किती वर्षं गेली, २००६ च्या कायद्यात सरळ गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातला माल, असं लिहून हाये, तरी २००९ मधे सामूहिक हक्क मिळालेल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाले वाहतुकीचा पास भेटाले एप्रिल २०११ उजाडला अन् केंद्राच्या मंत्र्याले गावात यावं लागलं.

एक शब्द मले बम खटकते. "वनपट्टे वाटप". पत्रिका छापतेत, मंडप टाकतेत, साहेबांच्या हस्ते वाटप. वाटप प्रसादाचं होते, रेशनचं होते. कायद्याचं नाव वाचा ना, त्यात "मान्यता" हाये. म्हणजे हक्क होताच, तुम्ही फक्त मान डोलावली. तुमच्याच घराची चावी तुम्हाले देऊन फोटो काढाचा असं हाये हे. बॅनरवर "पट्टे वाटप करा" लिहू नका एवढं माझं आयका.

मास्तरीणबाई:
वाटपाचं पटलं. आणखी एक शब्द आहे जो मला झोपू देत नाही, "बेदखल". १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा, पंधरा दिवसांनी, २८ तारखेला, कोर्टानंच त्याला स्थगिती दिली. ते पंधरा दिवस आमच्या गावात सगळीकडे एकच शब्द, बेदखल. दखल म्हणजे ताबा, तो गेला की बेदखल. पण मराठीत दखल घेणं म्हणजे लक्ष देणंही. आणि तिसरं, गुन्हा दखलपात्र असतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा बाप बेदखल होणार, त्याची दखल कोणी घेणार नाही, आणि त्यानं रस्त्यावर बसून विचारलं तर गुन्हा मात्र दखलपात्र. वर्गात शब्दसंपत्ती शिकवताना मी हे तीन फळ्यावर लिहिले, एका पोरानं हात वर करून विचारलं, बाई, हे तीन वेगळे शब्द आहेत का एकच? मी पुढचा धडा काढला.

बांधीवाला:
सगळ्यायचे आभार. काल बैठक झाली गावात. भाच्यानं सगळं वाचलं अन् स्वतःच म्हणे मामा जबरानजोतच ठेवा, फक्त खाली "अतिक्रमणवाले म्हणू नका" अशी ओळ टाका. वाटप काढलं, त्या जागी "हक्क मान्य करा". नाकेदार काकांचं ऐकून आणखी एक ठरलं का २००५ नंतर ज्यानं तोडलं त्याचा दावा आपल्या मोर्चात नाही, यावर बैठकीत मोठी बोंबाबोंब झाली, दोन घरं उठून गेली, त्यांचा आता आपल्यासंग दावा, बाप्पाच्या अर्थानं.

राह्यलं न का ण. मास्तरीणबाई तुम्ही ते सांगितलंच नाही.

मास्तरीणबाई:
अय्यो, राहिलंच. "जबरन" वरून आलाय तर नळाचा न बरोबर. जबराण असंही छापलेलं मी वाचलंय, पुण्याकडच्या कोणीतरी शुद्ध करायला गेलं असेल.

वऱ्हाडी बाप्पा:
आपल्या बोलीत बानाचा ण हायेच कुठं? पानी, लोनी, कोन, सारं नळाचंच. न लिहा.

बांधीवाला:
उशीर झाला बाप्पा. पेंटरनं वाट पाह्यली नाही, पुढच्या बॅनरवर न लिहिला अन् मागच्यावर ण. म्हणते, साहेब कोन्या बाजूनं येईल काय सांगता येते.